अर्धा इंच माया

मावशींना कुणी विचारलं, "तुम्ही सिनेमात काय करता हो?" तर त्या सांगायच्या, "कपडे शिवते." विचारणारा जरा ओळखीचा असला तर पुढे जोडायच्या, "म्हणजे, लागतात तेवढे. फारसे लागतच नाहीत."

हा विनोद त्यांचा स्वतःचा आणि बावीस वर्षं जुना. लेकीला तो मुळीच आवडायचा नाही. लेक शाळेत भूगोल शिकवायची आणि शेजाऱ्यांना सांगायची, "आई गणवेश शिवते." तसं ते अगदीच खोटं नव्हतं. मावशी ज्या कंपनीत होत्या, तिथले सगळे सिनेमे एकाच साच्यातून काढलेले, आणि प्रत्येकात तीन मुली. एक लाल पोशाखातली, एक निळ्या, एक पिवळ्या. मुली बदलायच्या, रंग तेच राहायचे. आता याला गणवेश म्हणायचं नाही तर काय?

पहिल्या सिनेमाचं नाव होतं 'मामा पडला पाण्यात'. नावातच सगळी गोष्ट आली. मामा नावाचा एक जाडा गृहस्थ, अंगात सूट, डोक्याला टोपी, गळ्यात दुर्बीण, पोहण्याच्या तलावाकाठी येतो. झाडाआडून मुली बघतो. मुली दिसल्या की खालून वर चढत जाणारी एक लांबलचक शिट्टी मारतो. मग पाय घसरून पाण्यात पडतो आणि लोक पोट धरून हसतात. एवढ्या भांडवलावर त्या कंपनीने सहा भाग काढले. 'मामा पुन्हा पाण्यात' झाला, 'मामा खोल पाण्यात' झाला, आणि सहाव्याला नाव सुचेना तेव्हा नुसताच 'मामा सहा' झाला. लोकांनी तोही पाहिला. मामाच्या सुटाला साडेतीन मीटर कापड लागायचं आणि तिन्ही मुलींना मिळून पाऊण मीटर, यावरून काय ते समजून घ्या.

चित्रीकरण व्हायचं गावाबाहेरच्या एका हॉटेलात, तेही थंडीत. उन्हाळ्यात हॉटेल भरलेलं असायचं, थंडीत ओस पडायचं आणि स्वस्तात मिळायचं. म्हणजे पडद्यावर कडक ऊन, रंगीत छत्र्या, बर्फ घातलेली सरबतं. आणि प्रत्यक्षात पोरी तलावाकाठी कुडकुडत उभ्या. अंगावरचा काटा कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मेकअपवाला त्यांच्या हातापायांना तेल चोळायचा आणि ओठ निळे पडले की त्यावर लाल रंग फासायचा. पोहायचं कुणालाच नसायचं. त्या तलावात पोहणारा माणूस एकच, मामा, आणि तोही पडल्यावर.

मावशींची जागा होती तलावामागच्या पंपाच्या खोलीत. एका बाजूला तलावाचं पाणी उपसणारा पंप घुरघुरत असायचा, दुसऱ्या बाजूला मावशींचं मशीन. खोलीला पाणी शुद्ध करायच्या औषधाचा वास. तो वास कपड्यांना लागायचा, केसांना लागायचा. नात लहान असताना आजीच्या कुशीत शिरली की म्हणायची, "आजी, तू किती स्वच्छ वासाची आहेस!" मावशींना त्याचं हसू यायचं, आणि थोडं वाईटही वाटायचं.

तिथली कामाची पद्धतच उफराटी होती. जगात आधी माणूस असतो आणि मग त्याच्या मापाने कपडा शिवतात. इथे आधी पोस्टर छापून यायचं, कुठल्याशा चित्रकाराने काढलेल्या तीन बाया घेऊन. मग डायरेक्टर त्या चित्रावर पट्टी ठेवून मापं सांगायचा, आणि मावशींनी त्या मापाचे पोशाख शिवायचे. मग मुली यायच्या. जिला पोशाख बसेल तिला काम. आधी पोस्टर, मग पोशाख आणि सगळ्यांत शेवटी पोरगी. कापडही ताणलं जाणारं नसायचं, कारण ते चमकत नाही म्हणे. अस्तराचं चकचकीत कापड आणायचे, ते पाण्याने आणखी आकसायचं.

डायरेक्टर प्रत्येक वेळी बजावून सांगायचा, "मावशी, माया नको हं. अंगाला घट्ट बसलं पाहिजे."

शिवणकामात माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं, कपडा दाटायला लागला, की शिलाई उसवायची आणि माया सोडायची. कपडा पुन्हा अंगाला होतो. ज्या कुणा बाईने या जास्तीच्या कापडाला हे नाव दिलं असेल, तिला शिवणही कळत होतं आणि संसारही. मावशी लहानपणी आईकडून शिवण शिकल्या तेव्हा पहिला धडाच तो होता. "माया ठेवल्याशिवाय कात्री चालवायची नाही." तेव्हा डायरेक्टर काहीही म्हणो, मावशी अर्धा इंच माया ठेवायच्याच. चोरून ठेवायच्या, बाहेरून ओळखू येणार नाही अशी.

आणि मग व्हायचं असं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादी मुलगी पंपाच्या खोलीत येऊन दाराआड उभी राहायची. "मावशी, श्वास घेता येत नाहीये." कुणाच्या काखेत काचलेलं असायचं, कुणाची पाळी आलेली असायची आणि पोट दुखत असायचं. मावशी दाराला कडी लावायच्या, शिलाई उसवायच्या, माया सोडायच्या आणि म्हणायच्या, "कुणाला बोलू नकोस हं." पोरी गळ्यात पडायच्या. या एका गोष्टीवर मावशी बावीस वर्षं ताठ मानेने जगल्या. मनात म्हणायच्या, ते काय करतात ते त्यांच्यापाशी. मी तर पोरींना श्वास घ्यायला जागा ठेवते. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार मोठं काही लागत नाही. अर्धा इंचही पुरतो.

पण एक गोष्ट त्या समजुतीत बसत नव्हती. ती चौदा वर्षांपूर्वीची, तिसऱ्या भागाच्या वेळची.

त्या दिवशी डायरेक्टर स्वतः चहाचा कप घेऊन पंपाच्या खोलीत आला होता. माणूस तसा गोड. कधी आवाज चढवायचा नाही, मावशींशी बोलताना 'तुम्ही' सोडायचा नाही. म्हणाला, "मावशी, वरचे लोक म्हणतायत, तयार कपडेच आणू, शिंपी कशाला हवा? मी म्हटलं, छे, आमच्या मावशी हव्यातच." मावशींनी ओळखलं, याच्या पुढे काहीतरी आहे. ते होतंच. "आज पिवळीच्या खांद्याची पट्टी जरा कच्ची ठेवा. धावदोऱ्याचे चार टाके, बस. मामा पडताना तिला धरतो, पट्टी तुटते. तिला मात्र सांगू नका. अभिनय शून्य आहे पोरीचा. खरंच दचकली तरच चेहऱ्यावर काही येईल."

मावशींचा नवरा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि लेकीचं शिक्षण शेवटच्या वर्षाला आलेलं. त्यांनी तो चहा प्यायला आणि धावदोऱ्याचे चार टाके घातले. कुणी डोक्यावर पिस्तूल धरलं नव्हतं. नाही म्हणता आलं असतं, त्या म्हणाल्या नाहीत.

पट्टी तुटली. सांगितलं होतं तशीच, पहिल्याच फटक्यात. पिवळ्या पोशाखातल्या मुलीचे दोन्ही हात छातीशी गेले आणि ती वळून वळून बघायला लागली, कुणी काही पांघरायला देतं का. मामा पाण्यातून शिट्टी मारत होता. सगळं युनिट हसत होतं. ती शिट्टी, ते हसणं पुढे सिनेमात जसंच्या तसं ठेवलं, आणि तो तुकडा एकदा सोडून तीनदा दाखवला, शेवटच्या वेळी अगदी सावकाश. सिनेमा त्या तुकड्यावर चालला.

दहा मिनिटांनी ती मुलगी टॉवेल गुंडाळून पंपाच्या खोलीत आली. म्हणाली, "सॉरी मावशी. माझ्याकडूनच जोरात ओढली गेली बहुतेक. तुमची मेहनत वाया गेली." मावशी मान खाली घालून सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही ग. दोरा कच्चा होता." एवढं बोलून त्यांनी तिची पट्टी शिवून दिली, या वेळी पक्की. ती मुलगी पुन्हा कधी दिसली नाही. कुणी म्हणे लग्न झालं, कुणी म्हणे नाव बदलून दुसऱ्या शहरात गेली. मावशींनी चौकशीही केली नाही, कारण चौकशी केली तर उत्तर मिळायची भीती असते.

आता या वर्षी सातवा भाग निघाला. मामा म्हातारा झाला होता, गुडघ्याला पट्टा बांधून पडायचा. डायरेक्टरचे केस पिकले होते. मावशींची नात बारा वर्षांची झाली होती.

काम सुरू व्हायच्या आदल्या रविवारी दुपारी नात मावशींच्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. मावशींनी विचारलं, "काय ग, काय झालं?"

"आईला सांगणार नाहीस?"

"नाही सांगत."

"खेळाच्या तासाला मुलं मागून येतात आणि आमच्या बनियनच्या पट्ट्या ओढतात. आणि मामासारखी शिट्टी मारतात. सगळ्यांच्या फोनवर आहे तो सीन." ती थांबली. "काल माझी तुटली, आजी. सगळे हसले. सर पण हसले, मग त्यांना ओरडले."

मावशींना वाटलं, पंपाची ती घुरघुर आपल्या कानात शिरली आहे.

"आजी, तू होतीस ना तिथे? त्या बाईची पट्टी खरंच तुटली होती? मुलं म्हणतात खरंच तुटली. मैत्रीण म्हणते, छे, ठरवून असतं, तिला माहीत असतं."

मावशी म्हणाल्या, "दोरा कच्चा होता." चौदा वर्षांत तोंडात बसलेलं वाक्य, ते आपोआप बाहेर पडलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी ते बोलताना त्यांना नातीकडे बघवलं नाही.

तुम्ही म्हणाल, आता तरी बाईने ते काम सोडलं असेल. नाही सोडलं. चोराच्या मनात चांदणं असतं. काम सोडलं तर का सोडलं हे लेकीला सांगावं लागलं असतं, नातीला सांगावं लागलं असतं. मावशी सोमवारी सकाळी डबा घेऊन हॉटेलवर गेल्या.

या वेळची पिवळी मुलगी एकोणीस-वीसची होती. तिला एकही वाक्य नव्हतं, म्हणून सगळे तिला 'मुकी' म्हणायचे. खरं तर ती भरपूर बोलायची. पहिल्याच दिवशी पोशाख चढवताना तिने विचारलं, "मावशी, ते डायरेक्टर मघाशी ओरडत होते, माया नको, माया नको म्हणून. माया कोण? तिला काढलं का कामावरून?" मावशी बऱ्याच दिवसांनी मोकळ्या हसल्या. मग त्यांनी तिला शिलाई उलटी करून दाखवली. "ही बघ माया. आहे. त्यांना सांगायचं नाही." मुलीने त्या दुमडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बरं झालं. मला वाटलं इथे कुणालाच नाहीये."

तिसऱ्या दिवशी डायरेक्टर चहाचा कप घेऊन आला. मावशींनी कप बघितला आणि त्यांना सगळं कळलं.

"मावशी, लोक अजून त्या तिसऱ्या भागाचीच आठवण काढतात. या वेळी तसंच पुन्हा करू. पिवळीची पट्टी, धावदोरा. तुम्हाला माहीतच आहे. आणि..."

"तिला सांगायचं नाही," मावशी म्हणाल्या.

"बघा! म्हणून तर आम्हाला मावशी लागतात."

मावशींनी त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे चहा ओतून दिला. दुसरी म्हणजे पिवळ्या पोशाखाची पट्टी दुहेरी दोऱ्याने शिवली, मशीनवर चारदा पुढेमागे फिरवून, आतून कापडाचा तुकडा लावून. त्या पट्टीला बैल बांधला असता तरी ती सुटली नसती. पण मुलीला त्यांनी काही सांगितलं नाही आणि डायरेक्टरलाही नाही. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असा त्यांचा बेत. पट्टी तुटणार नाही, डायरेक्टर म्हणेल कापडच चिवट निघालं, प्रकरण मिटेल. पोरीला कळणारही नाही की आपण तिला वाचवलं. मावशींना आपल्या मोठेपणाचं थोडं बरंही वाटलं. हेच त्यांचं चुकलं.

मामा पडला. पडता पडता त्याने पट्टी धरली, जशी धरायची सांगितली होती. पट्टी तुटली नाही. मामाचं सगळं वजन त्या पट्टीवर आलं, पट्टीबरोबर मुलगी खेचली गेली आणि दोघंही पाण्यात. तिला पोहता येत नव्हतं. गार पाण्यात तिने दोनदा गटांगळी खाल्ली, तेवढ्यात दिव्यांचं काम बघणाऱ्या दोघांनी तिला काठावर ओढलं. खांद्यावर पट्टीने काचून लाल वळ उठला होता, त्यातून रक्त येत होतं. युनिट हसत होतं, कारण हसायचं असतं असंच त्यांना वाटत होतं.

डायरेक्टर हसला नाही. तो मावशींकडे वळला आणि सगळ्यांदेखत, नेहमीच्याच गोड आवाजात म्हणाला, "मावशी, मी पट्टी कच्ची सांगितली होती ना?"

मुलगी खोकत होती. तिने मान वर केली. "कच्ची म्हणजे?"

मेकअपवाला तेलाच्या बाटलीचं झाकण लावायला लागला. दुसऱ्या दोन मुली, लाल आणि निळी, आपापल्या पायांकडे बघत राहिल्या. मावशींनी टॉवेल उचलला, मुलीच्या अंगावर टाकला आणि तिला पंपाच्या खोलीत नेऊन दाराला कडी लावली.

"तुटायची होती?" मुलीने विचारलं.

"हो."

"आणि मला सांगायचं नव्हतं?"

"नाही."

"मग तुम्ही पक्की का शिवली?"

"तुटू नये म्हणून."

"अहो, मग मला सांगायचं ना, मावशी!" तिचे दात वाजत होते. "मी उभीच राहिले नसते तिथे. मी तर त्या म्हाताऱ्याला सांभाळायला पुढे झाले. मला वाटलं, पडेल बिचारा."

मावशींनी खांद्याचा वळ पुसायला कापूस घेतला. मुलीने खांदा मागे घेतला. मग काहीतरी आठवल्यासारखी ती मावशींकडे बघायला लागली.

"ती तिसऱ्या भागातली. पिवळ्या पोशाखातली. ती पट्टी?"

पंप घुरघुरत होता. 'दोरा कच्चा होता' हे वाक्य मावशींच्या जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं. "मीच. चार टाके, धावदोऱ्याचे."

"तिला माहीत होतं?"

"नाही."

मुलीने टॉवेल आणखी घट्ट गुंडाळला. मग म्हणाली, "आमच्या घरी तो सीन लागला की बाबा आवाज वाढवायचे. आम्ही सगळे हसायचो, आईसुद्धा. मला वाटायचं, हिला काय, ठरवूनच केलं असणार." पडद्याआड जाऊन तिने ओला पोशाख काढला, स्वतःचे कपडे घातले आणि पोशाख आणून मशीनवर ठेवला. नीट घडी घालून ठेवला. कडी काढताना ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा तो डायरेक्टर परवडला. तो निदान स्वतःला मावशी म्हणवून घेत नाही."

ती गेली. हॉटेलच्या फाटकातून बाहेर पडताना तिने मागे वळून पाहिलं नाही, हे मावशींनी खिडकीतून बघितलं. त्यांना राग आला नाही. पोर बोलली ते शंभर टक्के खरं होतं आणि खऱ्यावर रागावता येत नाही, नुसतं जळता येतं.

तासाभरात डायरेक्टर दुसऱ्या एका मुलीला घेऊन हजर. असल्या कामाला मुली कमी पडतात थोड्याच? हॉटेलच्या स्वागतकक्षात काम मागायला आलेली होती, तिलाच उभी केली. ती दाराबाहेर थांबली आणि डायरेक्टर आत आला. चिडलेला वगैरे मुळीच नव्हता.

"झालं ते झालं, मावशी. तुमचाही जीव तुटतो पोरींसाठी, मला समजत नाही का? ही जरा अंगाने भरलेली आहे. बाजूची शिलाई उसवून माया सोडा, म्हणजे बसेल. आणि पट्टी तेवढी या वेळी कच्ची."

मावशी म्हणाल्या, "तुम्हीच सांगता ना, माया नको म्हणून."

डायरेक्टर हसला. अगदी प्रेमाने हसला. "अहो, मी म्हणायचं म्हणून म्हणतो. तुम्ही अर्धा इंच ठेवता हे मला पहिल्या भागापासून ठाऊक आहे. ठेवता म्हणून तर चाललंय. एक पोरगी रडून निघून जाते, दुसरी येते, तुम्ही माया सोडता, तोच कपडा तिला बसतो, काम थांबत नाही. तुमच्या मायेवरच तर सात भाग निघाले आपले!"

एवढं बोलून तो बाहेर गेला, दिवे लावायला सांगायला.

मावशी स्टुलावर बसल्या. समोर दोरीवर काम थांबल्यावर दोघींनी उतरवून दिलेला लाल पोशाख होता, निळा होता, बदलीसाठी शिवलेले आणखी तीन होते, आणि मशीनवर घडी घातलेला पिवळा. सहाही पोशाखांत अर्धा अर्धा इंच माया, बाहेरून न दिसणारी. बावीस वर्षं त्यांना वाटत होतं की ती पोरींसाठी आहे. ती कंपनीच्या सोयीची होती. कंपनीला ते माहीत होतं, फक्त मावशींनाच माहीत नव्हतं. आपल्याच हाताने आपण काय शिवत होतो, हे परक्याच्या तोंडून कळावं, यासारखी थप्पड नाही.

त्यांनी पिवळा पोशाख उलटा केला. मोठी कात्री घेतली आणि शिलाईला लागून, अगदी टाक्याला घासून, माया कापून टाकली. एक बाजू, मग दुसरी. मग निळा घेतला. मग लाल. आईने सांगितलेलं त्यांना आठवत होतं, पण हात थांबला नाही. कापडाच्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या पायाशी पडत राहिल्या. अशा कपड्याला पुन्हा कुणी वाढवू शकत नाही. शिलाई उसवली तर जोडायला काही उरतच नाही.

डायरेक्टर परत आला तेव्हा त्या सहावा पोशाख संपवत होत्या.

"मावशी, हे काय केलं तुम्ही?"

"माया नको म्हणाला होतात," मावशी म्हणाल्या. त्यांनी कात्री पिशवीत टाकली, मापाची पट्टी गळ्यातून काढून तीही टाकली, डबा उचलला आणि निघाल्या. दारातल्या मुलीसमोर क्षणभर थांबून त्या तिला म्हणाल्या, "पट्टी तुटणार आहे. मुद्दाम तोडणार आहेत. मग ठरव काय ते." मुलगी म्हणाली, "हो, मघाशी कुणीतरी म्हणालं. किती दिवसांचं काम आहे?" मावशी फाटकाकडे चालू लागल्या.

तुम्हाला वाटेल, सिनेमा बंद पडला. तसं काही झालं नाही. तीन दिवस काम थांबलं, मग दुकानातून तयार पोशाख आले आणि चौथ्या दिवशी मामा पाण्यात पडला. उन्हाळ्यात सिनेमा लागला. लेकीने एवढंच विचारलं, "गणवेशाचं काम सुटलं का ग?" मावशी म्हणाल्या, "सुटलं." लेकीला हायसं वाटलं असावं, तिने पुढे काही विचारलं नाही.

नातीच्या शाळेसमोरच्या भिंतीवर त्या सिनेमाचं पोस्टर लागलं. मावशी आता तिला आणायला जायच्या, खेळाचा तास असेल त्या दिवशी तर न चुकता. एका दुपारी दोघी रस्ता ओलांडायला थांबल्या होत्या आणि समोर ते पोस्टर. चार हात लांबीचं, त्यात पिवळ्या पोशाखातली मुलगी, दोन्ही हात छातीशी, खांद्यावरून लोंबणारी पट्टी. मागे मामा आणि त्याची दुर्बीण.

नात म्हणाली, "हिची पण तुटली."

"तुटली नाही. तोडली."

"कुणी?"

"हिची कुणी ते मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "त्या आधीच्या बाईची मी. मला सांगितलं आणि मी कच्ची शिवली. तिला ठाऊक नव्हतं. नंतर येऊन तीच माझी माफी मागून गेली."

गाड्या जात होत्या. नातीने आजीच्या हातातून आपला हात काढून घेतला नाही, पण तिचा हात ताठ झाला. ती पोस्टरकडे बघत होती.

"आणि पट्टी तुटल्यावर, आजी? सगळे हसले तेव्हा?"

ही गोष्ट मावशींनी त्या 'मुकी'लाही सांगितली नव्हती. पंपाच्या खोलीत नाही, कुठेच नाही. तिसऱ्या भागातली ती पिवळ्या पोशाखातली मुलगी पांघरायला काहीतरी मिळावं म्हणून वळून वळून बघत होती, तेव्हा शेवटी तिने मावशींकडे बघितलं होतं. सगळ्या युनिटमध्ये ओळखीचं, मायेचं असं तेवढंच एक माणूस.

"हो," मावशी म्हणाल्या. "मी पण हसले."